न्हाणीदाराचा बंब

बेंबळीच्या आमच्या घरात सगळ्यांच्या आधी जागा होतो तो बंब. न्हाणीच्या दाराशी, पत्र्याच्या उतरत्या छपराखाली तो तीन पायांवर उभा असतो. कमरेएवढी उंची, सुटलेलं पोट, दोन्ही अंगांना पितळी कड्या, पुढं तोटी आणि डोक्यावर धुराड्याचं तोंड. पोटात चार घागरी पाणी मावतं. बाळंतिणीची आंघोळ, लग्नाचे पाहुणे, पोळ्याला शेतातून उशिरा परतलेली माणसं, सगळ्यांचं त्यानं निभावलेलं आहे.

बांधा साधा आहे. मधोमध जाळाचं नळकांडं, त्याच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि जाळीखाली राखेचं ताटलं. जळण वरून नळकांड्यात सोडायचं. जाळाला चारी बाजूंनी पाणीच भेटतं, त्यामुळं चुलीवरच्या पातेल्यापेक्षा जळण कितीतरी कमी लागतं. रशियातला सामोवर याच रचनेचा. तिथं तो चहासाठी, इथं आंघोळीसाठी. अंगभर दिसतात त्या मठाराच्या खुणा मला फार आवडतात. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत आजही तांब्यावर असे ठोके पडतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण ठोकून ठोकूनच मऊ तांबं कडक होतं आणि चार घागरींचा भार पेलतं.

खाण्याच्या बाबतीत तो मुळीच चोखंदळ नाही. तुराट्या, ज्वारीची धसकटं, बाभळीच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, काहीही चालतं. क्रम मात्र पाळावा लागतो. तुराट्या भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. त्या जाळ धरण्यापुरत्या. मग ढलपी, आणि शेवटी गवरी, म्हणजे मागं राहिलेल्यांनाही पाणी ऊन मिळतं. राख भांड्यांना जाते, उरलेली वांग्याच्या वाफ्यात.

त्याचं बोलणं कळायला लागतं. आधी काही वेळ तो गप्प असतो, मग पोटातून बारीक सूं ऐकू येतं. ते सुरू झालं की आंघोळीपुरतं पाणी झालं. पुढं तापवणं म्हणजे जळण फुकट घालवणं. विहिरीचं पाणी होतं तोवर हा आवाज स्वच्छ होता. बोअर आलं, पाणी जड झालं, आतून क्षार धरायला लागले आणि सूंच्या जागी धडधड सुरू झाली. क्षाराचा थर जाळ आणि पाणी यांच्या मधे बसतो, म्हणून जळण वाढतं आणि आंघोळी लांबतात. त्यावर चिंचेचा दाट कोळ ऊन पाण्यात मिसळून रात्रभर ठेवायचा. सकाळी तोटी उघडली की आधी गढूळ पाणी येतं, मग पापुद्रे. हे वर्षातून दोनदा तरी करावंच लागतं. गिझरच्या कॉइलवरही हाच थर बसतो, पण तिथं तो दिसत नाही. कॉइल गेली की मगच कळतं.

त्याच्याजवळ एकाच चुकीला माफी नाही. माझी आजी, जिला आम्ही माय म्हणायचो, पेटवणाऱ्याला रोज बजावायची, “आदी प्वाट भर त्याचं, मग काडी लाव.” तांबं वितळायला 1085 अंश सेल्सिअस लागतात, पण जुन्या गळतीवर दिलेला कथलाचा डाग दोनशेच्या आसपासच सुटतो. आत पाणी असेतो पत्रा शंभराच्या फार वर जात नाही, डाग शाबूत राहतो. कोरड्या बंबात जाळ घातला तर काही मिनिटांत सांधा उघडतो. म्हणून दोन बादल्या ऊन पाणी काढलं की एक घागर गार पाणी ओतायचं, हा घरातल्या लहान पोराचाही नेम आहे. दुसरा नेम मायच्या काळी सांगावा लागत नव्हता, आता लागतो: बंब बंद बाथरूममध्ये न्यायचा नाही. कोंडलेल्या जागेत निखाऱ्यांचा वायू माणसाला कळूही न देता मारतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरकडं भूकंपानं घरांचे ढिगारे झाले. गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरली होती. आमच्या भिंतींना तडे गेले, न्हाणीची भिंत कलली आणि आत पाऊल टाकायची कुणाची छाती होईना. चौघांनी बंब ओढून अंगणात आणला. पुढं कितीतरी दिवस आम्ही उघड्यावर निजलो. तिकडं मदतीला जाऊन परतणाऱ्यांची आंघोळीची सोय त्याच्याच पाण्यावर झाली. मातीनं भरलेले ते हातपाय धुताना कुणी बोलत नसे.

2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडं टँकरची वाट पाहणं चालू होतं. तेव्हा बंबाला जाळ नव्हता, पण टँकरचं पाणी साठवायला त्याचं पोट कामी आलं. उन्हाळाभर तो पिंप होऊन राहिला.

दिवाळीत त्याचा मान असतो. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी चिंच, मीठ आणि राख लावून त्याला घासतात. आंबटानं काळपटपणा आणि तोटीच्या बुडाशी धरलेला हिरवा कळंक निघतो, आणि तांबं लाल होऊन बाहेर येतं. मग पाणी भरायचं, अंगावर हळदीकुंकवाची बोटं ओढायची, गळ्यात कारिटांची माळ घालायची. अभ्यंगाचं पाणी त्यातलंच.

मोड घेणारे दारावर येतात, तांब्याचा भाव सांगतात. शहरातल्या भाच्यानं तो दिवाणखान्यात कुंडीसारखा ठेवायला मागितला होता. दोघांनाही मी नाही म्हणालो. चार घागरी पाणी वीस अंशांवरून साठावर न्यायला गिझर जवळजवळ दोन युनिट वीज खातो, आणि आमच्या बांधावर तुराट्या दर हंगामाला पडलेल्याच असतात. पण खरं कारण हिशेबाचं नाही. या घरातल्या एकूण एक माणसाच्या अंगावर पहिलं ऊन पाणी त्याच्यातलं पडलं आहे. तो काम करतोय तोवर त्याला कामावरून काढायचा अधिकार मला नाही.

सध्या त्याचं एक दुखणं आहे. “अहो, तोटी गळायलीय,” म्हणून घरातून चार दिवस ऐकतोय. तोटीचा आटा झिजलाय. सुताचा पीळ देऊन तात्पुरतं भागवलंय. जाळीच्या दोन सळ्याही जळून बारीक झाल्यात. सळ्या लोहाराकडं देऊन ठेवल्या आहेत, पितळी तोटी धाराशिवहून आणायची आहे. थंडी पडायच्या आत दोन्ही बसवून घेतो.