थोडं खालीही बघा

हनुवटीवर पहिला जाड केस आला तेव्हा मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. साल १९९४. ओठावर लव होतीच, ती आमच्या घरात बऱ्याच जणींना होती. हा केस वेगळा होता. काळा, ताठ, बोटाला टोचणारा. मी तो चिमट्याने उपटला. काही दिवसांनी शेजारी दुसरा आला आणि वर्षभरात जबड्याच्या कडेने रांग लागली. आईने एकदा खिडकीशी नेऊन माझं तोंड उजेडात धरलं आणि सगळा दोष स्वतःकडे घेतला. मी तान्ही असताना न्हाऊ घालणारी बाई मधेच काम सोडून गेली, डाळीच्या पिठाने आणि कणकेच्या गोळ्याने अंगावरची लव नीट निघाली नाही, म्हणून हे झालं. आजीचं म्हणणं, वडिलांचा तोंडवळा घेतलेल्या मुलीला थोडी दाढीही मिळायचीच. वस्तरा लावायचा नाही, लावला की केस राठ येतात, यावर मात्र दोघींचं एकमत होतं.

त्याच काळात माझी पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसे. मैत्रिणी म्हणायच्या, ‘सुटलीस!’ मानेच्या मागे काळपट, जाडसर पट्टा आला होता. तो मळ समजून मी अंघोळीच्या दगडाने मान घासायची, आणि आई म्हणायची, ‘अजून घास.’ केस, पाळी आणि मान ही तिन्ही दुखणी एकाच अंगावर होती, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. केसांसाठी पार्लर, मानेसाठी दगड, आणि पाळीसाठी ‘लग्न झालं की होईल सुरळीत’.

लग्न झालं १९९८ मध्ये. पाळी सुरळीत झाली नाही आणि दिवसही राहीनात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, २००१ साली मुलगा झाला आणि तो विषय तिथेच मिटला. त्या बाईंना माझी हनुवटी कधी दिसलीच नाही. त्यांच्याकडे जायच्या आदल्या दिवशी मी थ्रेडिंग करून येत असे. डॉक्टरांपुढे तसलं तोंड घेऊन कसं जायचं, असं वाटे.

ऑक्टोबर २००२ मध्ये रेल्वेचा उत्तर पश्चिम विभाग सुरू झाला, मुख्यालय जयपूर. नव्या झोनमध्ये माणसं हवी होती. यांनी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी आम्ही जयपूरच्या रेल्वे कॉलनीत राहायला आलो. या शहरात पहिल्यांदा जाणवलं ते ऊन. इथल्या कोरड्या, लख्ख उजेडात चेहऱ्यावर काहीच लपत नाही. सोलापुरात चालून गेलेलं ब्लीच इथे चालेना, सावळ्या गालावरचे सोनेरी केस उन्हात उलट चमकायचे. पण त्याच उन्हाने एक सोयही करून दिली. जयपुरात स्कूटीवरच्या बायका डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणीने सगळं तोंड बांधतात. मीही बांधू लागले, आणि स्कूटीवरून उतरल्यावरही ती सोडायला मला घाई नसे.

खरी अडचण हळदीकुंकवाची. संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवत असतं आणि आम्ही चार मराठी बायका कुणाच्या तरी दिवाणखान्यात तिळगूळ वाटत बसतो. कुंकू लावणारी बाई वीतभर अंतरावर येते. एकीने कुंकू लावता लावता माझ्या हनुवटीकडे पाहिलं आणि वाण देताना हळूच सांगितलं, ‘तुरटी लाव.’ दुसरीने कच्च्या पपईचा गर सुचवला, तिसरीने कस्तुरी हळद. सगळ्यांचे उपाय मी केले. हळदीने चेहरा पिवळा झाला आणि पपईने आग झाली.

कॉलनीजवळच्या एका घराच्या पुढच्या खोलीत पार्लर होतं. चालवणारी सीकरकडची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. भिंतीवरच्या दरपत्रकात आयब्रो, अप्पर लिप, फेशियल असं सगळं होतं, पण बायका आत येऊन आयब्रो करायला सांगत आणि काम संपत आलं की हलकेच म्हणत, ‘थोड़ा नीचे भी देख लेना.’ मग ती पडदा ओढून घेई. दोऱ्याचं एक टोक दातात धरून ती कामाला लागली की बोलणं बंद. एकदा मात्र तिने दोरा तोंडातून काढला आणि विचारलं, ‘भाभीजी, महीना टाइम से आता है?’ मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘ज्यादातर का यही किस्सा है. डॉक्टर को दिखाओ. और जाने से पहले मेरे पास मत आना.’ इतक्या वर्षांत केस आणि पाळी एका वाक्यात आणणारी ही पहिली बाई.

रेल्वेच्या रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन मी सवाई मानसिंह रुग्णालयात हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे गेले. सकाळी परचीची रांग. नागौर, दौसा, टोंककडून आलेली माणसं, बरीचशी मधुमेहाची आणि थायरॉइडची. दाढीसाठी आलेली मीच एकटी, असं वाटत होतं. डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. केस हळूहळू वाढले की काही महिन्यांत एकदम? आवाज घोगरा झाला का? टाळूवरचे केस विरळ होताहेत का? फिट्सची, संधिवाताची, एंडोमेट्रिओसिसची काही औषधं घेतलीत का? चेहऱ्याला गोरेपणाचं मलम लावता का? शेवटच्या प्रश्नाचं मला आश्चर्य वाटलं. मग कळलं की त्या काळी दुकानात सहज मिळणाऱ्या कितीतरी मलमांत स्टेरॉइड असे. त्याने आठवडाभर चेहरा उजळतो, पण पुढे कातडी पातळ होते आणि केस येतात. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले; दुकानातून ती अजूनही गेलेली नाहीत.

नंतर त्यांनी एक तक्ता काढला. फेरीमन आणि गॅलवे या दोघांनी १९६१ साली तयार केलेल्या मोजणीचं हे सुधारलेलं रूप. ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा आणि खालचा भाग, दंड, मांड्या, पाठीचा वरचा आणि खालचा भाग अशा नऊ जागा, प्रत्येकीला शून्य ते चार गुण. साधारण आठच्या पुढे गेलं तर केस जास्त समजायचे. लाज वाटायच्या जागा कुणी अशा शांतपणे मोजल्या की त्यांचं ओझं निम्मं होतं. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सकाळी रक्त घेतलं: टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, उपाशीपोटीची साखर आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. हे शेवटचं अॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात दोषासाठी. तो सौम्य असला तर दिसायला हुबेहूब माझ्यासारखाच दिसतो. शिवाय सोनोग्राफी.

निदान झालं पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी ज्याचं वर्णन केलं तोच हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या ८ ते १३ टक्के बायकांना तो असतो आणि त्यातल्या बहुतेकींना पत्ता नसतो. सोनोग्राफीत दिसतात त्यांना गाठी म्हणायची पद्धत आहे, पण त्या पूर्ण न वाढलेल्या बीजांच्या पिशव्या. डॉक्टरांनी सगळं एका धाग्यात ओवून सांगितलं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन वाढवायला लावतं. टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवणारं प्रथिन यकृतात बनतं, तेही कमी पडतं. मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन केसाच्या मुळाशी पोचतं आणि मऊ लवेचा जाड केस करतं. बीज वेळेवर सुटत नाही म्हणून पाळी लांबते. आणि मानेवरचा काळा पट्टा ही त्या इन्सुलिनचीच खूण. मी दहा-बारा वर्षं दगडाने घासत होते ते हे.

त्यांनी हेही सांगितलं की सगळ्यांचं असंच नसतं. काहींची पाळी बिनचूक असते, रक्त स्वच्छ असतं, तरी केस असतात. तिथे केसाचं मूळच जास्त हळवं असतं. काहींना पाळी जायच्या वयात सुरू होतात. आणि काही महिन्यांतच दाढी-मिशी आली, आवाज बदलला, तर मात्र थांबायचं नाही, कारण अंडाशयात किंवा अॅड्रिनलमध्ये गाठ असू शकते.

औषध म्हणून संततिनियमनाची गोळी आणि काही दिवसांनी स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते चालू असताना दिवस राहता कामा नयेत आणि रक्तातलं पोटॅशियम बघावं लागतं. डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने आरशाला काही विचारू नका. जाड झालेला केस गोळीने गळून पडत नाही. त्याचं आयुष्य संपून नवा येतो तेव्हा तो बारीक येतो, एवढंच. तसंच झालं. पाळी आधी मार्गी लागली, केस फार सावकाश.

मधल्या काळात काढायचे कसे? डॉक्टर म्हणाले, सोसेल तसे काढा, रेझरनेही चालतील. मला आजी आठवली. पण १९२८ सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकी संशोधक बाईने मोजून दाखवलं होतं की वस्तऱ्याने केस ना जाड होतो ना लवकर वाढतो. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं. घरी येऊन यांना सांगितलं तर म्हणाले, ‘माझं रेझर घे, पण ब्लेड नवं लाव.’ आमच्या घरात या विषयावर झालेली चर्चा ती एवढीच.

लेझरला मी फार पुढे गेले, आणि पहिल्यांदा गेले ती जागा चुकीची निघाली. जाहिरात बघून एका सौंदर्यकेंद्रात भर मे महिन्यात गेले. ऊन खाऊन चेहरा रापलेला आहे की नाही हे कुणी पाहिलं नाही. लेझरची उष्णता केसातला काळा रंग पकडतो; कातडीही सावळी आणि रापलेली असली तर ती भाजते. हनुवटीवर डाग पडले आणि जायला कितीतरी महिने लागले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडे हिवाळ्यात नीट उपचार झाले, १०६४ नॅनोमीटरच्या एनडी-याग यंत्राने, जे सावळ्या कातडीला जास्त सुरक्षित मानतात. त्याआधी काही आठवडे दोरा आणि वॅक्स बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरला पकडायला काही उरत नाही. बरेच केस गेले. लेझरने जबड्याकडेची बारीक लव उलट वाढते असंही काही जणींना होतं, आणि ते आपल्याकडच्या बायकांत जास्त दिसतं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. तिथे एकेका मुळात सुई घालून विजेने जाळायचं इलेक्ट्रोलिसिस.

मी इथल्या एका शाळेत गणित शिकवते. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत ६०० पैकी ५९१ गुण मिळवून एक मुलगी पहिली आली आणि देशभर तिच्या गुणांऐवजी तिच्या ओठावरच्या केसांची चर्चा झाली. एकदोन गुण कमी पडले असते तर बरं झालं असतं, असं तिला म्हणावं लागलं. आमच्या स्टाफरूममध्ये सगळे तिच्या बाजूने बोलले. पण कुणीतरी म्हणालंच, ‘घरवालों को पार्लर तो ले जाना चाहिए था.’ डॉक्टरकडे, असं कुणी म्हणालं नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी कोविड सरला तरी मास्क काढत नव्हती. एका पालकसभेनंतर मी तिला आणि तिच्या आईला थांबवलं आणि माझी हकीकत सांगितली. आईने विचारलं, ‘मैडम, शादी तक ठीक हो जाएगा ना?’ मुलीने विचारलं, ‘हटाना ज़रूरी है क्या?’ प्रश्न मुलीचा चांगला होता. मी तिला ब्रिटनच्या हरनाम कौरबद्दल सांगितलं. तिलाही पीसीओएसच आहे, तिने दाढी ठेवली आणि २०१६ मध्ये तिचं नाव गिनेस बुकात गेलं. केस काढायचे की ठेवायचे हे तुझं तू ठरव, त्यात आईचं, माझं किंवा होणाऱ्या नवऱ्याचं काम नाही. ते का आले हे मात्र शोधायलाच हवं, तिथे मर्जी चालत नाही. मास्क तिने त्या दिवशी काढला नाही. रक्त तपासून मात्र घेतलं, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

आता माझी पाळी गेली आहे. काळे केस कमी झालेत, पांढरे दोन-चार येतात. कुठे कार्यक्रमाला जायचं असलं तर रेझर फिरवते, कंटाळा आला तर तशीच जाते. पीसीओएस असलेल्या बाईला मधुमेहाचा धोका जास्त, आणि माझ्या वडिलांना तो होता. त्यामुळे दर वर्षी साखरेची तपासणी करते. ती एकही वर्ष चुकवत नाही.