रॉसी रस्त्यावरची मुले

सेंट पीटर्सबर्गमधला रॉसी रस्ता जणू पट्टी घेऊनच आखलेला. लांबी 220 मीटर, रुंदी 22 आणि दुतर्फा इमारतींची उंचीही 22 च! अशा शिस्तीच्या रस्त्यावर वागानोवा बॅले शाळा आहे. 1738 साली ही शाळा सुरू झाली, ती राजवाड्यातल्या नोकरांच्या मुलामुलींना घेऊन.

इथल्या तालीमखान्याची जमीन उतरती आहे. मारिन्स्की नाट्यगृहाचा रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता, म्हणून पोरांनी तोल सावरायला शिकायचे तेही उतारावरच! दहा-अकरा वर्षांची ही मुले भिंतीलगतच्या दांड्याला धरून, मुळाक्षरे गिरवावीत तशी, एकेक पाऊल घोटीत असतात. चुकले की पियानो थांबतो, पुन्हा पहिल्यापासून.

मारिन्स्कीत 1892 साली 'नटक्रॅकर'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हाही त्यात या शाळेची मुले नाचली होती. वायनोनेनने 1934 साली बसवलेला 'नटक्रॅकर' विद्यार्थी आजही तिथे करतात. प्रेक्षकांना दिसतो तो नाताळचा वृक्ष, खेळण्यातले शिपाई अन् भुरभुरणारे बर्फ. परीक्षेची धास्ती कुणाला दिसत नाही. तीत उणे ठरलेल्यांना शाळा सोडावी लागते. यांतले पुढे नर्तक कोण होणार, कुणी सांगावे? त्या रात्रीच्या टाळ्या मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारख्याच येतात.