ओळखीचे भांडवल

भिलाईच्या सुपेला भागात रविवारचा बाजार भरतो. रस्त्याच्या कडेने कपड्यांचे ढीग, प्लास्टिकच्या बादल्या, चपला, भांडी असा सगळा पसारा मांडलेला असतो. विक्रेता ओरडून गिऱ्हाईक बोलावतो, घासाघीस होते, पैसे हातात पडतात आणि व्यवहार तिथेच संपतो. बादली विकणारा माणूस ती घेणाऱ्या बाईला, ‘आता तुम्हीही बादल्या विकायला बसा आणि आणखी सहा जणींना बसवा’ असे कधी सांगत नाही. तसे झाले, तर थोड्याच रविवारांत बाजारात सगळे विकणारेच दिसतील, घेणारा कोणी उरणार नाही. ही गोष्ट त्याला कोणी शिकवावी लागत नाही.

मात्र एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, संध्याकाळच्या ‘मीटिंग’मध्ये, नेमके हेच सांगितले जाते. इस्त्रीचा शर्ट आणि टाय घातलेला वक्ता फळ्यावर एक वर्तुळ काढतो. त्याखाली सहा वर्तुळे, त्या प्रत्येकाखाली आणखी सहा. वरचे वर्तुळ म्हणजे ‘तुम्ही’. खालच्या प्रत्येकाने माल घेतला, की त्याचा थोडा हिस्सा वर चढत ‘तुमच्या’पर्यंत येणार. माल कोणता, तो कोणाला हवा आहे, हा विषय थोडक्यात आटोपला जातो. बोलण्याचा सारा भर वर्तुळांवर असतो.

हे बोलणे भिलाईत ऐकले जाते, याला कारण आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन इथला पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि १९५९ साली त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. मुंबई-हावडा लोहमार्गाने जोडलेल्या नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी कुटुंबेही त्यांत होती. वडिलांच्या पिढीला कारखान्याने कायमची नोकरी, क्वार्टर, दवाखाना, मुलांची शाळा असे सर्व काही दिले. पुढे कायम कामगारांची संख्या घटत गेली आणि त्यांची बरीच कामे ठेकेदाराच्या माणसांकडे गेली. वडिलांची पेन्शन आणि मुलाचा रोज यांतले अंतर ज्या घरात रोज दिसते, त्या घरातल्या मुलाला ‘दुसऱ्याची चाकरी किती दिवस करणार?’ हा प्रश्न झोंबतो. त्याला लोभी म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्याला हवी असते ती प्रतिष्ठा.

सभासद झाल्यावर त्याला पहिले काम मिळते ते वहीत शंभर नावे लिहिण्याचे. मामा, मावशी, शाळासोबती, पाळीतले सहकारी, गल्लीतला किराणावाला, गणेशोत्सवात वर्गणी गोळा करणारे मित्र. ‘कोण येईल, कोण येणार नाही, हे तुम्ही ठरवू नका, फक्त लिहा,’ असे त्याला बजावलेले असते. ही वही म्हणजे त्याचे खरे भांडवल. प्रवेशाला भरलेले पैसे त्यामानाने किरकोळ असतात.

अडचण सुरू होते तीही या वहीतच. त्याला सभासद करून घेतले ते त्याच्याच चुलतभावाने. त्या भावाच्या वहीतही शंभर नावे आहेत आणि त्यांतली बहुतेक हीच आहेत. मामा एकच, गल्ली एकच, गणपतीचा मंडपही एकच. दोघांची मिळून दोनशे माणसे होत नाहीत. फळ्यावरच्या वर्तुळांना मात्र दर वेळी नवा, कोणालाही माहीत नसलेला माणूस लागतो. माणसे एकमेकांना ओळखतात म्हणूनच योजना पसरते आणि त्याच ओळखीमुळे ती लवकर अडते. तिसऱ्या घरी चहा येण्याआधीच काकू म्हणतात, ‘अरे, तुझा भाऊ येऊन गेला की गेल्या आठवड्यात!’

सगळ्या ओळखी वेगवेगळ्या आहेत असे घटकाभर धरले, तरी हिशेब जमत नाही. एकाने सहा आणले, त्या प्रत्येकाने सहा, असे चालत राहिले, तर सातव्या पायरीवर २,७९,९३६ माणसे लागतात आणि आठव्या पायरीवर १६,७९,६१६. २०११ च्या जनगणनेत दुर्ग आणि भिलाई मिळून सगळ्या नागरी क्षेत्राची लोकसंख्या, तान्ह्या मुलांसह, सुमारे साडेदहा लाख होती. म्हणजे आठव्या पायरीला दोन्ही गावे संपतात. तरीही याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सातव्या पायरीपर्यंत साखळी अगदी ठरल्याप्रमाणे भरली, कोणी आळस केला नाही, कोणी फसवले नाही, असे मानले तर एकूण सभासद होतात ३,३५,९२३. त्यांपैकी शेवटच्या पायरीवरचे, ज्यांच्याखाली कोणीच नाही, असे २,७९,९३६. दर सहा जणांत पाच. साखळी कोणत्याही पायरीवर थांबवून मोजली, तरी हे प्रमाण साधारण हेच राहते. योजना पूर्ण यशस्वी झाली तरच हे चित्र दिसते. अपयशाचा हिशेब तर अजून मांडलेलाच नाही.

मग ज्यांनी माल घेतला, त्यांनी तो का घेतला? बहुतेकांनी भिडेखातर. मराठीत भीड ही भिकेची बहीण म्हटली आहे. मावशी भाच्याकडून साबण, दंतमंजन, शक्तिवर्धक भुकटीचा डबा घेते, कारण भाचा दारात उभा आहे. पण भीड एकदाच पैसे देते. पुढच्या महिन्यात मावशी नेहमीच्या दुकानातूनच साबण आणते. पाच-सहा पायऱ्यांचे कमिशन किमतीत धरलेले असल्यामुळे तसलाच माल दुकानापेक्षा सहसा महाग पडतो. आणि ज्याला त्या कमिशनची आशा नाही, त्याने तो घ्यावा कशासाठी? अखेर मालाचे खरे गिऱ्हाईक एकच उरते, तो सभासद स्वतः. आपली जागा टिकवण्यासाठी तो दर महिन्याला ठरलेल्या रकमेचा माल घेत राहतो आणि न खपलेले डबे पलंगाखाली साठत जातात.

असे का झाले, याचे उत्तर मीटिंगमध्ये तयार असते. ‘तुमचा विश्वास कमी पडला. तुम्ही मेहनत केली नाही.’ मंचावर ज्याला मोठा धनादेश मिळाला, त्याचे उदाहरण दिले जाते. ज्या पाचांना काही मिळाले नाही, त्यांना मंचावर कोणी बोलावत नाही. आकड्यांचा दोष माणसाच्या स्वभावावर टाकण्याची ही युक्ती फार क्रूर आहे. अपयश आपलेच आहे असे वाटल्यामुळे तो गप्प बसतो, आणि तो गप्प बसल्यामुळे शेजारच्या गल्लीत तीच मीटिंग पुन्हा भरते.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेच्या व्यापारविषयक आयोगाच्या अधिकाऱ्यांनी २०२४ साली अशा ७० कंपन्यांची उत्पन्नाविषयीची स्वतःची निवेदने तपासली. बहुसंख्य सभासदांना वर्षाकाठी १,००० डॉलर किंवा त्याहूनही कमी रक्कम मिळाल्याचे त्यांतून दिसले. आणि अनेक निवेदनांत सभासदाचा खर्च वजाच केलेला नव्हता.

आपल्या देशात १९७८ च्या कायद्याने पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घातली. नवे सभासद नोंदवून मिळणारे कमिशन प्रथमदर्शनी या कायद्याच्या व्याख्येत बसते, असे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ साली अॅमवे कंपनीच्या प्रकरणात म्हटले. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी माल विकण्याच्या धंद्याला परवानगी ठेवली, पिरॅमिड योजनांना मनाई केली आणि करार केल्यावर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडण्याची सोय सभासदाला दिली. मात्र मावशीच्या दारात उभे राहिलेल्या भाच्यासमोर हे नियम कोणी वाचून दाखवत नाही.

छत्तीसगडने याच जातीचा एक मोठा अनुभव घेतला आहे. इथे लोक ज्यांना सरसकट ‘चिटफंड’ म्हणतात, त्या ठेवी गोळा करणाऱ्या कंपन्यांनी (कायदेशीर भिशीशी त्यांचा काही संबंध नव्हता) गावोगावचे तरुण एजंट नेमले. कंपन्यांनी कार्यालये बंद केली तेव्हा ठेवीदारांना कंपनीचा पत्ता सापडेना. एजंटाचे घर मात्र सर्वांना माहीत होते. गुन्हे एजंटांवरही दाखल झाले. २०१८ च्या निवडणुकीनंतर आलेल्या राज्य सरकारने ते मागे घेण्याची प्रक्रिया सुरू केली. यांतल्या कित्येक एजंटांनी आपल्या आईवडिलांचेही पैसे तिथेच गुंतवले होते, हे विसरता येत नाही.

याच प्रदेशात ‘मितान’ बदण्याची जुनी रीत आहे. दोन माणसे देवाला किंवा प्रसादाला साक्षी ठेवून एकमेकांचे मितान होतात आणि मग जात वेगळी असली, तरी दोन्ही घरे सुखदुःखात एकमेकांची होतात. मितान एकमेकांना नावाने हाकही मारत नाहीत, इतका मान ते नाते जपते. असे नाते जोडायला शंभर नावांची वही लागत नाही. आणि एकदा जोडले, की ते आणखी सहा जणांना जोडायला सांगत नाही.

वहीतल्या नावांवर एकेक काट पडत जाते, तसे त्या घरांचे जाणेयेणेही बदलते. पाळी सुटल्यावर सायकल हातात धरून गप्पा मारणारा सोबती आता घाईत असतो. संक्रांतीला त्या घरून हळदीकुंकवाचे बोलावणे येते, तेव्हा शेजारच्या काकू नको म्हणत नाहीत. दाराशी थांबून हलक्या आवाजात एवढेच विचारतात, ‘नुसते हळदीकुंकूच आहे ना?’