रांग, बारी आणि आकाशपाळणा

रांगेचे आणि आमचे नाते जुने आहे. मुंबईत वाढलेल्या मध्यमवर्गीय माणसाला समतेचा पहिला धडा बसथांब्यावर मिळतो. राज्यघटना त्याला पुढे शाळेत भेटते. रेशनचे दुकान, रॉकेलचा डबा, लोकलच्या पासाची खिडकी, शाळाप्रवेशाचा अर्ज, सर्वत्र एकच न्याय: जो आधी आला तो पुढे. मध्येच घुसणाऱ्या माणसाविषयी आमच्या मनात जी तिडीक आहे ती आम्ही सामानाबरोबर अमेरिकेत आणली आणि न्यू जर्सीत इतकी वर्षे काढूनही ती ओसरलेली नाही. रांग ओलांडून पुढे जाण्याची परवानगी एक दिवस आम्हालाच मागावी लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

आमचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. मराठीतील हा शब्द आम्हाला कधीच पुरता पटलेला नाही. जो स्वतःत मग्न आहे त्याला बाहेरच्या जगाचा उपद्रव होण्याचे कारण नाही. आमच्या मुलाची अडचण नेमकी उलट आहे. बाहेरचे जग त्याच्यात फार शिरते. पंख्याची घरघर, परक्या माणसाच्या अंगावरील मलमाचा वास, पाठीमागे उभे असलेल्याचा निसटता स्पर्श, यांतले काहीही त्याला वगळता येत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही त्याला एका मनोरंजन-उद्यानात नेले. उद्यानाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. त्याला फिरणाऱ्या वस्तूंचे विलक्षण वेड. तेथील आकाशपाळण्याची चित्रे त्याने महिनाभर पाहिली होती, पाळण्याला डबे किती हेही त्याला पाठ होते. प्रवेशाशी पाटी होती: येथून ४५ मिनिटे. पुढे लोखंडी कठड्यांमधून वळणे घेत जाणारी रांग. अशा रांगेचा गुण असा की थोड्या जागेत पुष्कळ माणसे मावतात, आणि दोष असा की प्रत्येक दुसऱ्या वळणाला आपण जेथे जायचे त्याच्याकडेच पाठ करून चालू लागतो. मोठ्या माणसाला ही युक्ती कळते. आमच्या मुलाला एवढेच कळले की पाळणा जवळ आला होता आणि आईवडील आता त्याला तेथून दूर नेत आहेत. तिसऱ्या वळणावर तो खाली बसला. मग मनगट चावू लागला. त्याला उचलून, उलट दिशेने, शंभरएक माणसांची क्षमा मागत आम्ही बाहेर आलो. कोणीतरी म्हणाले की अशा मुलांना आणावेच कशाला. ते आम्ही ऐकले नाही असे दाखवले.

डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ साली रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनावर एक निबंध लिहिला. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचे हे ठाऊक नसेल, का थांबायचे हे कळले नसेल, किंवा मनात धास्ती असेल, तर तीच प्रतीक्षा आणखी लांबते, असे त्यांचे म्हणणे. ते सर्वसामान्य ग्राहकासाठी लिहिले गेले. पण त्यातील प्रत्येक कलम आमच्या मुलाला दसपटीने लागू पडते. शिवाय रांग दोन गोष्टी एकत्र बांधते: एक, ठरावीक वेळ जाऊ देणे, दुसरी, तो वेळ एका विशिष्ट जागी, अनोळखी माणसांना खेटून घालवणे. समतेसाठी पहिली आवश्यक आहे. दुसरी केवळ सोय आहे. कोण आधी आले हे लक्षात ठेवण्यासाठी माणसांना ओळीने उभे करण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नव्हता, म्हणून ती आली.

या दोन गोष्टी सोडवून वेगळ्या करण्याचा अमेरिकेतील सर्वांत गाजलेला प्रयोग डिस्नेच्या उद्यानांत झाला. तेथे पूर्वी 'गेस्ट असिस्टन्स कार्ड' असे. ते दाखवले की पुष्कळ वेळा दुसऱ्या दाराने लवकर आत जाता येई. २०१३ च्या मे महिन्यात वृत्तपत्रांत बातमी आली, की काही धनिक कुटुंबे अपंग व्यक्तींना पैसे देऊन वाटाड्या म्हणून बरोबर नेतात आणि त्यांच्या आडून रांगा टाळतात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते कार्ड बंद झाले आणि 'डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस' सुरू झाली. तिचे तत्त्व साधे: रांग ४५ मिनिटांची असेल तर साधारण तेवढ्याच वेळानंतरची वेळ तुम्हाला मिळते; मधला वेळ तुम्ही कोठेही काढा. वेळ सर्वांना सारखी, जागेची सक्ती तेवढी सुटली.

आम्हाला हे तत्त्व न्याय्य वाटते. तरीही ते सर्वांना पुरले नाही. स्वमग्न मुलांच्या अनेक कुटुंबांनी २०१४ मध्ये १९९० च्या अपंगविषयक कायद्याखाली दावे लावले. त्यांचे म्हणणे असे की आमच्या मुलांना 'नंतर' ही कल्पनाच उमजत नाही. आणि कोणत्या पाळण्यानंतर कोणता, हा क्रम एकदा मनात बसला की तो मोडत नाही. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांची बाजू पुन्हा ऐकण्याजोगी ठरवली. त्यासाठी आधार घेतला तो २००१ सालच्या एका खटल्याचा: पायाच्या विकारामुळे चालणे कठीण झालेले गोल्फपटू केसी मार्टिन यांना स्पर्धेत गाडी वापरू देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा दिला होता. पुढे २०२० मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२२ मध्ये तो कायम झाला. सवलत मागणाऱ्याला ती खरोखर आवश्यक आहे काय, आणि ती दिल्याने मूळ व्यवस्थेचे स्वरूपच बदलते काय, या दोन प्रश्नांभोवती सारा वाद फिरला. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले गेले. ही सेवा मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अपंगत्वामुळे दीर्घकाळ रांगेत थांबू न शकणाऱ्यांपुरती ठेवली गेली. खोटे सांगितल्याचे आढळल्यास उद्यानाचे दार कायमचे बंद, असेही बजावले गेले. इतर व्याधींनी त्रस्त असलेली अनेक माणसे त्यामुळे बाहेर राहिली. फसवणारे थोडे, पण त्यांनी केलेल्या खर्चाचे बिल भलत्यांच्या हाती पडले.

आम्ही स्वतः पुढच्या वर्षी त्याच पहिल्या उद्यानात पुन्हा गेलो, या वेळी सवलतीच्या खिडकीशी. खिडकीमागची मुलगी सौजन्याने वागली. तिने विचारले, रांगेत उभे राहण्यात याला नेमकी काय अडचण येते? आणि आम्ही सांगू लागलो. तो खाली बसतो, मनगट चावतो, किंचाळतो, एकदा एका बाईंना लागले, तो थांबूच शकत नाही. परवानगी मिळावी म्हणून आम्ही त्याचे सर्वांत वाईट क्षण निवडून काढले आणि एकेक करून मांडले. अर्जदाराचे कामच ते. मुलगा शेजारी उभा राहून कठड्यावरून बोट फिरवत होता. तो ऐकतो आहे हे आमच्या ध्यानातही आले नाही.

कार्ड मिळाले. पन्नास मिनिटांनंतरची वेळ मिळाली. आम्ही एका झाडाखाली बसलो. वेळ संपत जाईल तशी लाल चकती लहान होत जाणारे एक घड्याळ आमच्याजवळ असते, ते त्याच्यापुढे ठेवले. त्याने कानांवर आवाज रोखणारे मोठे हेडफोन चढवले आणि पन्नास मिनिटे त्या चकतीकडे आणि पाळण्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. चकती नाहीशी होताच उठला, आमचा हात धरला आणि पाळण्यात जाऊन बसला.

त्या रात्री अंथरुणात पडल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "तो थांबू शकत नाही." शब्द आमचे, सूरही थेट त्याच्या आईचा. ऐकलेली वाक्ये तो अशीच जशीच्या तशी उच्चारतो. त्यातून त्याला काय म्हणायचे असते हे नेहमी कळत नाही. पुढे कित्येक दिवस, जेवताना, गाडीत, आंघोळीला जाताना, तो ते वाक्य म्हणत राहिला.

तेव्हा सातारहून त्याची आजी आमच्याकडे आली होती. पंढरपूरच्या दर्शनबारीत आयुष्यभर उभी राहिलेली बाई. आमची खंत ऐकून ती म्हणाली, "ज्याला बारी झेपत नाही त्यानं मुखदर्शन घ्यावं. तेही नाही जमलं तर कळसाला हात जोडावेत. देव कमी पावत नाही." ही व्यवस्था फार मोठ्या मनाची आहे यात शंका नाही, चरणांपर्यंत न पोहोचणाऱ्याला परंपरेने तेथे रिकाम्या हाताने परत पाठवलेले नाही. पण आम्हाला राहवले नाही. आम्ही म्हटले, "आई, याला सगळीकडे कळसच दाखवतात." वाढदिवसाला दाराशी, शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या बाकावर, लग्नात मांडवाबाहेर. कळसदर्शनाचा मान तेव्हाच राहतो, जेव्हा तो घेणाऱ्याने स्वतः निवडलेला असतो. आजी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तो थांबू शकत नाही असं का सांगितलंत? तासभर बसला की झाडाखाली."

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. थांबणे आणि रांगेत उभे राहणे यांतील ज्या फरकावर आमचा सारा हक्क उभा होता, तो खिडकीशी आम्हीच पुसून टाकला होता.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा तीच खिडकी, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी वाक्य घरून ठरवून नेले होते: तो थांबतो, गर्दीत, रांगेत थांबणे त्याला जमत नाही. खिडकीमागच्या माणसाने संगणकावर काहीतरी नोंदवले. पडदा आमच्या बाजूला थोडा कललेला होता, म्हणून वाचता आले. रकाना ठरलेला होता आणि त्यात लिहिले होते: थांबू शकत नाही.

आम्ही ते मुलाला वाचून दाखवले नाही. घड्याळ काढले, चकती फिरवली आणि झाडाखाली जाऊन बसलो.