कुठली परीक्षा, ताई?

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी एक रोग हमखास होतो. शुक्रवारी संध्याकाळचे सहा वाजले की घरी जावंसंच वाटत नाही. मला तो २००८च्या उन्हाळ्यात झाला. सांगली सोडून आठ महिने झालेले, हातात पहिला बरा पगार आणि ऑफिस चक्क लोअर परळला. म्हणजे आजूबाजूला नुसती धमाल!

आमच्या ग्रुपचा लाडका अड्डा होता मथुरादास मिलच्या आवारातला ब्लू फ्रॉग. डिसेंबर २००७मध्ये सुरू झालेला, त्यामुळे तेव्हा एकदम हॅपनिंग. गोल गोल खोलगट बैठका, समोर स्टेज आणि त्यावर लाइव्ह जॅझ. मला जॅझमधलं ओ की ठो कळायचं नाही. पण मान अशी डोलवायची की शेजारच्याला वाटावं, ही लहानपणापासून हेच ऐकतेय. रविवारी आईचा फोन यायचा, "रात्री काय करतेस गं एवढं?" मी बिनधास्त सांगायचे, "वाचते." खरं तर दोन वर्षांत एकही पुस्तक धड संपवलं नव्हतं.

राहायला वरळीत, एका काकूंकडे पेइंग गेस्ट. दोन खोल्या, तीन मुली, एक पंखा. दहा वाजता दिवे बंद. मे महिन्यात त्या खोलीची अक्षरशः भट्टी व्हायची.

अशाच एका शुक्रवारी रात्री दीडला परतताना टॅक्सीवाल्याने गाडी आतल्या रस्त्याने घेतली. बघते तर काय, फूटपाथवर दिव्या-दिव्याखाली पोरं बसलेली. मांडीवर वह्या, पुस्तकं. एक जण येरझाऱ्या घालत पुटपुटत होता. मला वाटलं, मला जरा जास्तच झालीय. टॅक्सीवाला थंडपणे म्हणाला, "अभ्यास गल्ली है, मॅडम."

सुदाम काळू अहिरे मार्ग हे तिचं कागदोपत्री नाव. पोदार रुग्णालयाच्या परिसरातला हा रस्ता. दुसऱ्या दिवशी काकूंच्या भाच्याने बाकीचं सांगितलं. तो बीडीडी चाळीतला. १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळींत खोली १६० चौरस फुटांची. त्यात आजी, टीव्ही, धाकटी भावंडं आणि रात्रपाळीहून आलेले बाबा. तिथे अकाउंट्सचं पुस्तक उघडणार कुठे? म्हणून पिढ्यान्पिढ्या पोरं रस्त्यावरच्या दिव्याखाली येऊन बसतात. "तुम्ही पण या ना, ताई. कोणी काही बोलणार नाही."

गेले. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं कार्ड काढलं होतं, तिथून जयंत पवारांचं 'अधांतर' आणलेलं. गिरणी संपात होरपळणाऱ्या घराचं नाटक, १९९७चं. (२०१०मध्ये त्यावर 'लालबाग परळ' सिनेमा आला.) भाचा चार पावलांवर बसलेला, मी दिव्याखाली वर्तमानपत्र अंथरून. पहिला अर्धा तास अंग चोरून बसले. मग विसरले.

अकराच्या सुमारास शेजारच्या मुलाने विचारलं, "कुठली परीक्षा, ताई?"

"कुठलीच नाही."

"मग?"

मला उत्तरच सुचेना. त्याच्या डोक्यावर सीएची परीक्षा होती, समोरच्याच्या एमपीएससी. तिथे प्रत्येकाला बाहेर पडायचा रस्ता हवा होता आणि मी बापडी नाटक वाचत बसलेली. "आवडतं म्हणून," मी शेवटी म्हणाले. तो जरा विचार करून म्हणाला, "बरंय तुमचं." टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला.

मग आठवड्यातून तीन रात्री गल्ली आणि शुक्रवारी पब, असं चाललं. हे आईला काही सांगितलं नाही. खरंच वाचत होते, पण मध्यरात्री फूटपाथवर! तिला पब परवडला असता.

'अधांतर' संपलं त्या सकाळी चहा घेताना काकूंना सहज म्हटलं, आम्ही मथुरादास मिलमध्ये जातो. त्यांचा हात थांबला. "आमच्या ह्यांचा भाऊ होता तिथे." १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. "आधी भांडी गेली, मग माझ्या पाटल्या. वरच्या बाईने खानावळ काढली, मी पोळ्या लाटायला जायचे." मग एकदम कुतूहलाने विचारलं, "आत काय असतं गं आता?"

मी सांगितलं. स्टेज, दिवे, गाणारी गोरी बाई.

"आणि यंत्रं?"

"काहीच नाही, काकू."

"हं," म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या. त्या एका 'हं'पुढे माझी मान डोलवणं मला फार पोरकट वाटलं. पुढच्या शुक्रवारी मी ब्लू फ्रॉगला गेले, नाही असं नाही. पण पहिल्यांदा ग्रुपला सांगून टाकलं की मला जॅझ कळत नाही. दोघं जण हळूच म्हणाले, "मला पण." मग आम्ही सॉलिड हसलो. त्या रात्री सॅक्सोफोन खरंच छान वाटला, काय सांगू!

ब्लू फ्रॉग २०१६मध्ये बंद झालं. पगाराच्या दिवशी फोर्टातल्या ज्या स्ट्रँड बुक स्टॉलमध्ये मी वीस टक्के सवलतीच्या नावाखाली लुटली जायचे, ते १९४८पासूनचं दुकान २०१८मध्ये गेलं. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

म्हटलं, आता गल्ली ओस पडली असेल. परवा रात्री साडेअकराला मुद्दाम गेले, पिशवीत पुस्तक घेऊन. जुन्या दिव्याखाली एक मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. मी घुटमळतेय हे बघून तो सरकला.

"काकू, बसा. पण बारापर्यंतच हं, मग माझा मित्र येतो."