गाडीचा मेंदू

आमच्या गाडीत स्पीडोमीटरच्या शेजारी एक पिवळा दिवा आहे. त्यावर इंजिनाचं चित्र आहे असं कंपनीचं म्हणणं. आमच्या हिला ते किटलीसारखं दिसतं आणि मुलीला नळाच्या तोटीसारखं. एका रविवारी रंकाळ्यावरून परत येताना ती किटली पेटली आणि गाडी उचकी लागल्यासारखी चालू लागली.

"अहो, चहा झाला वाटतं," ही म्हणाली.

हा दिवा लागला म्हणजे गाडीला काहीतरी दुखतंय. काय दुखतंय ते मात्र ती मालकाला सांगत नाही. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या खाली सोळा भोकांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर नावाचं यंत्र खोचलं की गाडी आपलं सगळं दुखणं त्याच्या कानात सांगते. जुन्या काळच्या सुनेचं असंच असायचं. सासूपुढे तोंडातून शब्द नाही, आणि माहेरचं माणूस आलं की पडवीत बसून घडाघडा! भारतात एप्रिल २०१३ पासून मोटारींना ही ओबीडी-टू नावाची सोय सक्तीची झाली. आमची गाडी २०१४ ची. आमच्याकडे ती सेकंडहँड आली, पण सोयीसकट आली.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मी एका चकचकीत गॅरेजमध्ये गेलो. तिथं हाताला ग्रीस लागलेला माणूस दिसत नाही, त्यावरूनच बिलाचा अंदाज यावा. टाय लावलेल्या एका मुलानं स्कॅनर खोचला, थोडा वेळ पाहिलं, काढला, पुसला, पुन्हा खोचला.

"सर, लिंक होत नाहीये."

हे वाक्य मी गेली वीस वर्षं काउंटरच्या आतून म्हणत आलोय. बाहेरच्या बाजूनं ऐकायची ही पहिलीच वेळ. ते ऐकताना पोटात असा खड्डा पडतो हे मला ठाऊकच नव्हतं.

मुलानं तोच स्कॅनर शेजारच्या गाडीला लावला. ती लगेच बोलू लागली. आमचीला लावला, आमची गप्प. मग आतून एक वरिष्ठ टाय आला. दोन्ही टाय बराच वेळ डॅशबोर्डखाली डोकं घालून बसले, आणि डॉक्टर ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन चष्मा पुसतात तशा चेहऱ्यानं वरिष्ठ टाय म्हणाला, "ईसीयू गेलाय सर. म्हणजे गाडीचा मेंदू. बत्तीस हजार. अधिक जीएसटी."

मी कॉमर्सचा पदवीधर. मला विजेतलं एवढंच कळतं की बिल पंधरा तारखेच्या आत भरावं. मी मान डोलावली आणि त्या मेंदू गेलेल्या गाडीत बसून, ती स्वतः चालवत, घरी आलो. या वाक्यात काहीतरी चुकतंय हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

रात्री मी हिच्यापुढे हिशेब मांडला. हिचं आमच्याच बँकेत एक आरडी खातं आहे. साडेतीन वर्षं घरखर्चातून वाचवून दरमहा हजार रुपये ती त्यात टाकते आहे. पाच वर्षं पुरी झाली की पाटल्या करायच्या, असं ठरलेलं. ठरवलं तेव्हा सोनं कुठं होतं आणि आता कुठं आहे, तो विषय आमच्या घरी निघत नाही. आता त्या पैशात पाटली नाही झाली तरी निदान बिलवर तरी होईल, एवढ्यावर ती आली होती.

"मोडा," ती म्हणाली. नुसतं 'मोडा'. चिडली असती तर बरं झालं असतं. ती उठून ओटा पुसायला गेली, आणि तो ओटा तिनं आधी एकदा पुसला होता.

मुदतीपूर्वी खातं बंद करण्याचा फॉर्म मी आजवर शेकडो लोकांना भरून दिला आहे. 'कारण' या रकान्यात लोक 'वैयक्तिक अडचण' लिहितात. मी हिच्या वतीनं तेच लिहिलं. सही तेवढी तिची घ्यायची बाकी ठेवली. रात्री अकरा वाजता सही मागायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या शिपायानं मला उद्यमनगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पिटाळलं. म्हातारा माणूस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, दुकान रिक्षाएवढं. मी सगळी कहाणी सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली आणि विचारलं, "साहेब, गाडी ढकलत आणलीसा काय?"

"नाही, चालवत."

"मग मेंदू मेला म्हणतंय कोण? मेंदू मेल्यावर हिंजान सुरू तरी झालं असतं व्हय?"

मी गप्प. म्हातारा पुढे म्हणाला, "तुमच्या ब्यांकेत लिंक नसली म्हणून ब्यांक बुडाली म्हणता काय?"

मग त्यानं मला वाकवून ते सॉकेट दाखवलं. सोळाव्या भोकात बॅटरीची वीज यायला हवी. त्यानं टेस्ट लॅम्प लावला, दिवा लागला नाही. विजेशिवाय सॉकेट मुकं, मग स्कॅनर बोलणार कुणाशी? "चार्जर चालतोय काय गाडीतला?" त्यानं विचारलं. मी चमकलो. महिनाभर चालत नव्हता. नवा आणला, तोही चालेना. शिवाय पूर्ण आतही जाईना. दुकानदाराला मी ग्राहक हक्कांवर दहा मिनिटं ऐकवलं होतं. "पुष्कळ गाड्यांत ह्यो सिगारेटचा लायटर आणि ते सॉकेट, दोघांचा फ्यूज येकच," म्हातारा म्हणाला.

गुडघ्याजवळचं झाकण काढून त्यानं चिमट्यानं नखाएवढा निळा फ्यूज बाहेर ओढला आणि उजेडात धरला. आतली तार मधोमध तुटलेली. पंधरा अँपिअर, किंमत दहा रुपये. त्यानं तसाच नवा निळा बसवला. वीस अँपिअरचा पिवळा का नको, म्हणजे पुन्हा जायला नको, असं मी विचारलं. माझ्याकडे दयेनं बघत तो म्हणाला, "मग फ्यूज ऱ्हातोय आणि वायर जळती."

किल्ली फिरवली, आणि नवा फ्यूजही तत्क्षणी गेला!

म्हाताऱ्याला मात्र आनंद झाला. त्यानं फ्यूज काढून ठेवला, लायटरच्या भोकात टॉर्च मारली आणि म्हणाला, "साहेब, गाडीत पैसं ठेवलाय तुम्ही." पेन्सिलीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून त्यानं आतून एक नाणं वर काढलं. आठ आणे. माझे वडील जिला अधेली म्हणत, ती.

तिला मी लगेच ओळखलं. महिन्यापूर्वी एका भाजीवाल्या मावशींनी ती नाकारली होती. मी त्यांना भर बाजारात सांगितलं होतं की चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, आठ आण्यांचं नाणं अजून चलनात आहे, आणि दहा रुपयांपर्यंतची रक्कम आठ-आठ आण्यांत देता येते असा कायदा आहे. मावशी म्हणाल्या, "मग कायद्याकडनंच कोथिंबीर घ्या." मी रागारागानं ती गिअरजवळच्या खोबणीत टाकली. एखाद्या स्पीडब्रेकरवर उडून ती उघड्या भोकात पडली असणार. बुडाला वीज, भिंतीला अर्थ, आणि मध्ये आडवी आमची अधेली! देशात जी कुठंच चालत नव्हती, ती तिथं मात्र चालली.

तिसरा फ्यूज टिकला. म्हाताऱ्याचा जुनापुराणा स्कॅनर लागला आणि गाडी बोलली: पी-०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरचा ठोका चुकतोय. त्यानं पहिल्याची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर बसवली, तर दुसऱ्याचा ठोका चुकू लागला. म्हणजे दोषी कॉइल. ती नवी अठराशेला आली. फ्यूजचे नि मजुरीचे मिळून त्यानं दीडशे सांगितले. मी दोनशे देऊ लागलो, त्यानं पन्नास परत केले. अधेली दाखवून मी म्हटलं, "ही ठेवा आठवण म्हणून." तो म्हणाला, "नको साहेब. चालत न्हाई."

घरी येऊन मी अधेली ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. फॉर्म खिशातून काढून फाडला. हिनं तुकडे मोजल्यासारखे पाहिले, अधेली उचलली, पदराला पुसली.

"चलनात आहे ना ही?"

"अर्थात. कायद्यानं."

"मग पुढच्या महिन्याचा हप्ता भरताना नऊशे साडेनव्व्याण्णव नि ही देईन. तुमच्याच काउंटरवर. घ्याल ना?"

आमच्या कॅशियरचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, "त्या दिवशी लिंक नसेल."