पान्हा आणि पानिपत

दर 14 जानेवारीला काला अंबला महाराष्ट्रातून माणसं येतात. भाऊसाहेबांच्या मराठी फौजेनं 1761 साली अब्दालीशी केलेल्या लढाईचं हे स्मारक पानिपत शहरापासून आठेक किलोमीटरवर आहे. दिल्लीतले आम्ही मराठी लोकही जातो. हरियाणातले रोड मराठा त्या दिवशी घरचं कार्य असल्यासारखे राबतात. मी हार्मोन्सचा डॉक्टर आहे हे कळलं, की जेवताना कुणीतरी विचारतंच: ऑक्सिटोसिन म्हणजे विश्वासाचं हार्मोन ना? मग भाऊसाहेबांच्या छावणीत तेच कमी पडलं म्हणायचं का?

1761 सालच्या कुणाचंही रक्त माझ्या हाती नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण प्रश्न टाळण्यासारखा नाही.

हरियाणाच्या शेतकऱ्याला हे रसायन आपल्या आधीपासून ठाऊक आहे, आणि तेही मुऱ्हा म्हशीमुळे. रेडकू कासेला ढुसण्या देऊ लागलं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं, कासेतल्या दूधपेशींभोवतीचं बारीक स्नायूंचं जाळं आवळतं आणि पान्हा फुटतो. गोठा नवा, धार काढणारा परका असला, की म्हैस बिथरते आणि पान्हा चोरते. यावर गोठेवाल्यांनी इंजेक्शनचा आडमार्ग काढला. तो इतका बोकाळला, की 2018 साली केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायलाच मनाई केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. ते एकाच सरकारी कारखान्यावर सोडणं धोक्याचं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती मनाई रद्द केली. माझ्या मते योग्यच झालं.

तर नऊ अमिनो आम्लांचा हा एवढासा रेणू. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी तो 1953 साली प्रयोगशाळेत तयार केला आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. पुढे अर्धं शतक तो प्रसूतिगृहात निमूट काम करत होता. 2005 साली झुरिचच्या एका प्रयोगानं त्याला वलय दिलं. खेळ साधा: तुमच्याकडे 12 नाणी आहेत. अनोळखी माणसाला द्याल तितकी तिप्पट होऊन त्याच्या हाती पडतील. त्यातलं काही परत द्यायचं की सगळं गिळायचं, ही त्याची मर्जी. नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा घेतलेल्या 29 जणांपैकी 13 जणांनी सगळी नाणी देऊन टाकली. नुसतं पाणचट द्रावण घेतलेल्या 29 पैकी 6 जणांनी. जगभर मथळे झळकले. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट मात्र कुणी छापली नाही: ज्यांच्या हाती पैसे आले, ते फवाऱ्यामुळे जास्त प्रामाणिक झाले नाहीत. परतफेड होती तेवढीच राहिली.

तो मथळाही फार टिकला नाही. 2020 साली 677 जणांवर, कसोटीचे नियम आधीच जाहीर करून, प्रयोग पुन्हा झाला. सरसकट विश्वास वाढल्याचं दिसलं नाही. मधल्या काळात, 2010 साली, अ‍ॅमस्टरडॅमच्या कार्स्टेन द ड्रो यांनी वेगळंच दाखवलं होतं: या हार्मोनखाली माणूस आपल्या गटासाठी जास्त झीज सोसतो आणि परक्या गटाची भीती वाटली तर जास्त बचावात्मक वार करतो. म्हणजे आधी ‘आपलं कोण’ हे ठरतं. हार्मोन फार तर त्या ओढीला जोर देतं.

  

आता काला अंबकडे वळू. भरतपूरचे राजे सूरजमल जाट भाऊसाहेबांबरोबर दिल्लीपर्यंत होते. बुणगे आणि बायकापोरं मागे ठेवा, हा त्यांचा सल्ला मानला गेला नाही. दिल्लीवरूनही वाजलं आणि ते निघून गेले. द ड्रोंच्या हिशेबानं इथं गोष्ट संपायला हवी. पण लढाईनंतर उपाशी, उघडे, जखमी मराठे भरतपूरच्या मुलखात पोचले, तेव्हा सूरजमल यांनी त्यांना अन्नवस्त्र दिलं, औषधपाणी केलं आणि पुढे ग्वाल्हेरकडे सुखरूप धाडलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर याचा जखमांनी अंत झाला, तोही त्यांच्याच आश्रयाला असताना. अब्दाली अजून दिल्लीच्या टापूत होता. त्याचा राग ओढवायची जोखीम यात उघड होती.

यात राजकारण नव्हतं असं म्हणणार नाही. मराठे पुन्हा उत्तरेत येतील, हे सूरजमलसारख्या धोरणी माणसाला कळत असणारच. पण नावगाव नसलेल्या बारगिराला जेवू घालून धोरण फारसं साधत नाही. ज्याच्यावर रुसून गेले त्या सोबत्याच्या लोकांना त्यांनी पुन्हा ‘आपले’ मानलं, आणि ते मानणं पिट्युटरीच्या अखत्यारीत येतं असं दाखवणारा एकही प्रयोग मला माहीत नाही. इंटरनेटवर ‘विश्वास वाढवणारे’ फवारे विकणाऱ्यांनाही माहीत नसावा. ते फवारे घेऊ नका.

आणि जानेवारीत काला अंबला याल तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढा. मथुरेवरून सूरजमल यांचं डीग आणि भरतपूर गाठता येतं. आपल्यातले बहुतेक जण पानिपतहून थेट परत फिरतात.